डिग्री नाही पण लोन लाईनमध्ये जायचंय? बेळगाव साईडच्या पोरांसाठी सविस्तर उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका पोराने विचारलंय. पीयूसी म्हणजे बारावी झालीय, बीकॉम दुसऱ्या वर्षाला सोडलं, घरचं दुकान आहे पण त्यात दोन भाऊ आधीच बसलेत, आता छोट्या धंदेवाल्यांना लोन देणाऱ्या लाईनमध्ये शिरावं म्हणतोय, तर डिग्रीशिवाय किती वर जाता येतं आणि सुरुवात कुठनं करायची. समोर तीन पर्याय आहेत म्हणतो: गावातल्या सौहार्द सोसायटीत (म्हणजे सहकारी पतसंस्थेसारखीच) पिग्मी एजंट, म्हणजे दुकानादुकानात फिरून रोजची बचत गोळा करणारा, संकेश्वरला मायक्रोफायनान्समध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना छोटी लोनं देणाऱ्या कंपनीत फील्ड ऑफिसर, आणि हुबळीचा एक कन्सल्टन्सीवाला जो २५ हजार घेऊन बँकेत चिकटवतो म्हणतोय. मी याच लाईनमध्ये केस पांढरे केलेत आणि डिग्री माझ्याकडं पण नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बंद दारं सांगतो म्हणजे डोक्यातनं जातील. सरकारी बँकेत क्लार्कलासुद्धा ग्रॅज्युएशन लागतं, ऑफिसरचं तर सोडच. मोठ्या खासगी बँकांत पण ब्रांचच्या आतली खुर्ची पाहिजे तर बहुतेक डिग्री मागतातच. उरलं काय, तर मायक्रोफायनान्स, एनबीएफसी म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या, स्मॉल फायनान्स बँकांचं फील्डचं नि कलेक्शनचं काम, सौहार्द सोसायट्या आणि पतसंस्था, बँकेचा बीसी म्हणजे गावातला बँक मित्र, आणि स्वतःचं डीएसएचं काम, म्हणजे बँकांना लोनच्या फाईली आणून देणारा कमिशन एजंट. हे काय कमी नाही की ओ. आपल्या भागातला धंदा बघ: उद्यमबागेत फौंड्री नि मशीन शॉप, वडगाव-शहापूरला यंत्रमाग, निपाणीला तंबाखू, अथणीकडं चपला, गोकाकला करदंट मिठाई, शिवाय प्रत्येक गल्लीत बेकरी, किराणा, गॅरेज. यातल्या बऱ्याच जणांकडं ऑडिट केलेलं बॅलन्सशीट नसतं, आणि ज्याच्याकडं कागद नाही त्याला लोन द्यायचं तर कुणीतरी त्याच्या दुकानात जाऊन बसून हिशोब काढायला लागतो. डिग्रीवाले हेच काम टाळतात, त्यामुळं आपल्याला इथं जागा आहे.

आता पिग्मी. लोक याला हलकं काम समजतात, मला वाटतं याच्याइतकी चांगली शाळा नाही. पिग्मी ही आपल्या कर्नाटकातलीच गोष्ट, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने किनारपट्टीकडं सुरू केली, आणि आज बेळगावात संध्याकाळी कुठल्याही बाजारात उभा राहा, मशीन घेतलेला पिग्मीवाला दिसतोच. रोज त्याच पन्नास-साठ दुकानांत जायचं, कुणी ५० देतो, कुणी ५००. सहा महिन्यांत तुला काय कळतं बघ. कोण सोमवारी पैसे देत नाही कारण रविवारी माल भरतो, कोण पाऊस लागला की आठवडाभर "उद्या ये" म्हणतो, कुणाचा गल्ला बायको सांभाळते आणि म्हणून तिथं कधी खाडा पडत नाही, कोण ५०० चे एकदम १०० करतो. हा शेवटचा माणूस अडचणीत आलाय हे सिबिलला कळायच्या आधी तुला कळलेलं असतं. कमिशन थोडकंच मिळतं, पण ही माहिती कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. एकच नियम: गोळा केलेली रक्कम त्याच दिवशी भरायची आणि मशीनची पावती दिल्याशिवाय पुढच्या दुकानात जायचं नाही. "आजचे उद्या भरतो" करून स्वतःचा गाडीचा हप्ता भागवलेली पोरं परत कधी या लाईनमध्ये दिसली नाहीत. बाजार लहान आहे, बातमी खडेबाजारातनं रविवार पेठेत जायला चहाचा वेळ पुरतो.

मायक्रोफायनान्सचं काम वेगळं. सकाळी लवकर सेंटर मीटिंग, बायकांचा ग्रुप, गॅरंटी एकमेकींची, दुपारी नवीन सर्वे, संध्याकाळी ब्रांचला कॅश टॅली. पगार सुरुवातीला बेताचाच, पेट्रोल नि इन्सेन्टिव्ह वर. पीयूसीवर घेतात, फक्त टू-व्हीलर, लायसन नि कन्नड पाहिजे. यात शिरणार असशील तर नियम पाठ कर, कारण मॅनेजर बदलतो, कंपनी बदलते, पण केस झाली की फील्डवाल्याचं नाव आधी येतं. आरबीआयच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं घरचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल त्यांनाच हे विनातारण लोन, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी नि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोनसुद्धा करायचा नाही, आणि वसुली ठरलेल्या जागीच, लागोपाठ दोनदा माणूस तिथं आला नाही तरच घरी जायचं. २०२५ च्या एप्रिलपासून एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी द्यायचं नाही असं कंपन्यांनी आपसात ठरवलंय. त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने वसुलीच्या जबरदस्तीविरुद्ध वटहुकूम काढला, १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. त्याचा रोख मुख्यतः आरबीआयकडं नोंद नसलेल्या सावकारी कंपन्यांवर आहे. म्हणून जॉईन व्हायच्या आधी कंपनीचं नाव आरबीआयच्या वेबसाईटवरच्या लिस्टमध्ये आहे का बघायचं, नसेल तर पगार किती पण देऊ देत, जायचं नाही.

पण फील्ड ऑफिसर म्हणून दहा वर्षं काढलीस तर तू दहा वर्षांचा फील्ड ऑफिसर होशील, एवढंच. बहुतेक पोरं इथंच अडकतात. सेल्समध्ये पैसा लवकर दिसतो म्हणून सेल्सलाच चिकटतात, पस्तिशीला गुडघे नि कंबर बोलायला लागते आणि टार्गेट तेच. वर जायचा रस्ता क्रेडिटमधनं जातो, म्हणजे कुणाला किती द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारं काम. तिथं डिग्रीपेक्षा तुझ्या शिफारशीने दिलेली किती लोनं बुडाली हे बघतात, निदान छोट्या एनबीएफसीत नि सोसायट्यांत तरी.

ते काम कसं असतं ते एक उदाहरण घेऊन दाखवतो. समज फॅक्टरी एरियात एक छोटं हॉटेल आहे, चहा, पोहे, मिसळ. मालक ५ लाख मागतोय, शेजारचा गाळा घ्यायचाय. रोजचा गल्ला किती विचारलं की म्हणणार ९ हजार. मान हलवायची, वहीत लिहायचं, आणि मग त्याच्याशी वाद न घालता दुधाचं विचारायचं. नंदिनीचं दूध रोज किती लिटर? १५. लिटरमागं लहान कप साधारण १६ धर, झाले २४० कप, १० रुपयांनी २,४००. मग पाव. बेकरीवाला रोज किती टाकतो? १२०. प्लेटला दोन, म्हणजे ६० प्लेटी, ५० रुपयांनी ३,०००. झाले ५,४००. ९ हजार सणासुदीला कधीतरी होत असतील, तो खोटं बोलत नसतो, त्याला चांगला दिवस लक्षात राहिलेला असतो. सुट्ट्या सोडून २६ दिवस धर, १ लाख ४० हजार. निम्मे माल खातो, ७० हजार. दोन पोरं कामाला, १२-१२ हजार. भाडं ८, गॅस नि लाईट १०. हातात राहिले साधारण २८ हजार. त्यात घरखर्च १५, बचतगटाच्या संघाचा हप्ता ४. उरले ९ हजार.

आता ५ लाख, १८ टक्के, तीन वर्षं म्हणजे हप्ता १८ हजारांवर जातो. नऊमधनं अठरा कसे जाणार? उरलेल्याचा निम्मा हप्ता धरायचा अशी माझी पद्धत, म्हणजे साडेचार हजार, त्यात सव्वा लाख बसतं. मग त्याला सांगायचं, "अण्णा, गाळा आत्ता नको, सव्वा लाखात फ्रीज नि काउंटर कर, वर्षभर हप्ते वेळेवर गेले की परत बसू." तो चिडणार. दुसऱ्या कंपनीवाल्याकडं जाईल, तो कदाचित ३ लाख देईल पण. देऊ देत. आणि हो, हा हिशोब एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी चारला जाऊन करायचा, एका व्हिजिटवर कधी सही करायची नाही. हेस्कॉमचं लाईटबिल बघायचं, सहा महिन्यांचं. लेथ मशीनवाला तीन शिफ्ट चालवतो म्हणत असेल आणि बिलावर युनिट घरगुतीएवढेच असतील, तर विषय संपला. दूध, पाव, युनिट, मैद्याची पोती, भंगाराचं वजन, प्रत्येक धंद्यात अशी एक गोष्ट असते जी मालक फुगवून सांगत नाही कारण ती आपण विचारणार हे त्याच्या डोक्यातच नसतं. ती शोधायची.

हंगाम पण शिकून घे. निपाणीत तंबाखूचा पैसा वर्षभर सारखा येत नाही, चिकोडी-रायबाग-गोकाकच्या दुकानदाराचं सगळं उसाच्या बिलावर. कायद्याने कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, प्रत्यक्षात काय होतं तुला माहिताय. कारखाना थकला की शेतकरी थकतो, शेतकरी थकला की खत दुकानदार, तो थकला की तुझा हप्ता. अशा माणसाला प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेचा ठराविक हप्ता लावून देणं म्हणजे आपणच त्याला डिफॉल्टर करणं. उद्यमबागेतल्या जॉबवर्कवाल्याचं दुखणं वेगळं, ऑर्डर भरपूर पण मोठी कंपनी तीन-तीन महिने पेमेंट देत नाही. आता मायक्रो आणि स्मॉल युनिटचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत केलं नाही तर त्या कंपनीला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो, पण त्यासाठी जॉबवर्कवाल्याकडं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी पाहिजे. ते ऑनलाईन फुकट होतं. हे एवढं तू त्याला करून दिलंस तरी तो तुला विसरत नाही.

आता कागद. सीमाभागातल्या पोराचं खरं भांडवल इथं आहे आणि कुणी त्याकडं बघत नाही. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुनी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत, आजची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) कन्नडात, पॅन इंग्लिशमध्ये, आणि तिन्हीकडं नाव वेगळं. परशराम, परशुराम, परसू, तिन्ही एकच माणूस. बेंगळूरहून आलेला क्रेडिट मॅनेजर मराठी कागद बाजूला ठेवतो, पुण्याहून आलेला कन्नड कागद. दोन्ही वाचणारा माणूस ब्रांचमध्ये असला की फाईल पुढं सरकते. गावठाणातलं घर तारण असेल तर पंचायतीच्या ई-स्वत्तू या ऑनलाईन मिळकत नोंदणीचा फॉर्म ९ नि ११, सबरजिस्ट्रारकडनं ईसी, म्हणजे त्या मिळकतीवर आधीचा बोजा आहे का त्याचा दाखला. हे मागून घ्यायला आणि वाचायला शिक. आणि निपाणीत दुकान, कागलला शेती, असे लोक आपल्याकडं ढिगाने. शेती पलीकडं असली की सातबारा नि आठ-अ लागतो, गहाणखताची नोंद तिकडच्या रजिस्ट्रारकडं, स्टॅम्प तिकडच्या दराने. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये ही फाईल बसतच नाही, ती कुठं बसते हे तुला माहीत असलं पाहिजे. कन्नड बोलता येतं एवढ्यावर भागणार नाही, वाचता आलं पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना हे जड जातं, मला पण गेलं, पण पहाणीवरचे रकाने ठरलेले असतात, महिनाभर रोज एक वाचलीस की येतं. भाषेचं राजकारण बाहेर ठेव, कर्जदार मराठी असो नाही तर कन्नड, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललास की तो खरं सांगतो.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. आयआयबीएफ या बँकिंगच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची डीआरए म्हणून परीक्षा आहे, वसुली एजंटसाठी, दहावी पासवर देता येते, ग्रॅज्युएट नसलेल्याला आधी १०० तासांचं ट्रेनिंग. त्यांचीच बीसीसाठी पण आहे. दोन्ही करून टाक. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शीक, भरायला नाही, वाचायला. जीएसटीचा ३बी रिटर्न, म्हणजे विक्री नि कराचा गोषवारा, आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून विक्री जुळते का बघता आलं पाहिजे. सिबिल रिपोर्टमध्ये स्कोअर सगळेच बघतात, तू एन्क्वायरी बघ, दोन महिन्यांत सहा ठिकाणी अर्ज केलेला माणूस धंदा वाढवायला पैसे मागत नसतो. आणि जमलं तर मुक्त विद्यापीठातनं डिग्री पूर्ण कर बाबा. डिग्रीने काम येत नाही हे खरं, पण एरिया मॅनेजरच्या वर जाताना एचआरच्या फॉर्मवर तो रकाना असतो आणि तिथं तुझी पंधरा वर्षं कुणी वाचत नाही.

डीएसए स्वतःचं काम म्हणून लगेच करू नकोस, चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर. विनातारण बिझनेस लोनला साधारण एक-दोन टक्के कमिशन, होम लोनला त्याच्या निम्म्याहून कमी, त्यातनं टीडीएस कापून. इथं माणसं बिघडतात. फाईल चार्ज, साहेबाला द्यायचे, मुद्रा या सरकारी लोन योजनेची सबसिडी काढून देतो, असं सांगून कर्जदाराकडनं पैसे काढतात. मुद्रा लोनला सबसिडी नसतेच. ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० पर्यंत तरुण, आणि तरुण नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत, पण सगळं परत फेडायचं कर्ज. सबसिडी पाहिजे तर पीएमईजीपी ही केंद्राची योजना, नवीन धंद्यासाठी, त्यात मोठ्या प्रोजेक्टला फक्त आठवी पासची अट. चपलावाला, कुंभार, सुतार असेल तर विश्वकर्मा योजना, आधी १ लाख मग २ लाख, ५ टक्क्याने. कर्जदाराकडनं असं दहा टक्के कमिशन खाण्याऐवजी माणसाला त्याची खरी योजना सांगितलीस तर तुझा एक व्यवहार जातो आणि त्याच्या गल्लीतले चार येतात. व्याजाचं पण सरळ सांगत जा. १२ टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, म्हटलं की स्वस्त वाटतं, तीन वर्षांच्या लोनला ते घटत्या शिलकेवर २१ च्या आसपास पडतं. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या धंद्याच्या लोनला पण केएफएस नावाचं एक-दोन पानी पत्रक द्यावंच लागतं, त्यात वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तेवढा आकडा बोट ठेवून दाखवायचा, मग सही.

अजून एक, टार्गेटच्या शेवटच्या आठवड्यात वरनं फोन येतो, "व्हिजिट झाली असं टाक, फोटो नंतर बघू." दुसऱ्याच दुकानाचा स्टॉक फोटोत दाखवून पास केलेल्या फाईली मी बघितल्यात, आणि बुडाल्यावर तो फोन करणारा साहेब बदली होऊन गेलेला असतो, रिपोर्टवर सही पोराची. असं काही सांगितलं तर "व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा सर" एवढंच म्हणायचं, बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो.

तर तुझे तीन पर्याय. कन्सल्टन्सीवाल्याला एक रुपया देऊ नको, बँकेतली नोकरी २५ हजारांत मिळत नसते, दिलेस तर गेले. पिग्मी आणि मायक्रोफायनान्समध्ये, तुझं घरचं दुकान आहे आणि जेवणाखाण्याचा प्रश्न नाही म्हणून मी म्हणेन वर्षभर पिग्मी कर, पण सोसायटीची दोन वर्षांची ऑडिट वर्गवारी, म्हणजे ऑडिटमध्ये मिळालेला दर्जा, विचारून, आणि सेक्रेटरीला आधीच सांगून की आठवड्यातनं एक दिवस लोन सेक्शनला बसू द्या. नाही म्हणाले तर संकेश्वर. तिथं ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नको, झेरॉक्स दे. कोरा चेक मागितला तर तोही नको. आणि तोपर्यंत वडलांच्या दुकानाचाच हिशोब वर सांगितला तसा काढून बघ, त्यांना न विचारता, मग त्यांना विचार आणि दोन्ही आकडे जुळतात का बघ.